तीन औषधांत माझं चौथं

मी मोसंबीच्या बागा उक्त्या घेतो. म्हणजे फळ झाडावर असतानाच अख्ख्या बागेचा एक आकडा ठरवायचा. त्यानंतर गारा पडोत की फळगळ होवो, तोडणी आपली आणि नशीबही आपलं. हे मला कुणी हात धरून शिकवलेलं नाही. तरुणपणी मी दुसऱ्यांच्या बागेत क्रेट उचलायचो. उचलता उचलता झाडाकडे बघायला शिकलो. आज जांब समर्थपासून हसनाबादपर्यंत कुठल्याही बागेत चार ओळी चालून आलो की किती माल निघेल ते मी सांगतो, आणि फारसा चुकत नाही.

या धंद्यात निम्मं काम डोळ्याचं आणि निम्मं तोंड बंद ठेवण्याचं. बागवाल्याने विचारलं, "कशी वाटली बाग?" तर आपण म्हणायचं, "पानं पिवळी पडून राह्यली की हो." मनातला आकडा मनात, ओठावरचा वेगळा. पहिल्यांदा विचारल्याबरोबर खरं सांगणारा माणूस इथे एक बहारसुद्धा टिकत नाही. माझ्या तोंडाला ही सवय अशी जडली आहे की कुणी वय विचारलं तरी मी दोन वर्षं कमी सांगतो, आणि किती भाकरी खाल्ल्या विचारलं तर एक कमी. ही सवय मी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत घेऊन गेलो.

पण आधी साडूचं सांगितलं पाहिजे. त्याशिवाय मी तसा का वागलो ते कळणार नाही.

काही वर्षांपूर्वी गावाकडच्या रस्त्यावर माझी मोटारसायकल खडीवरून घसरली आणि उजवा हात मनगटाच्या वर मोडला. जवळच्याच एका लहान दवाखान्यात हाड बसवायचं ठरलं. तिथे मला भुलीचं एकच इंजेक्शन दिलं. त्या औषधाने माणूस नेहमीसारखा झोपत नाही. डोळे उघडे राहतात आणि आपण मात्र तिथे नसतो. मला आठवतं ते एवढंच, की मी झाडांच्या शेंड्यांवरून तरंगत होतो आणि खालची सगळी मोसंबी निळी होती. शुद्धीवर आलो तेव्हा हाताला प्लास्टर होतं आणि कॉटच्या कडेला साडू बसला होता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, भोकरदनला शाळेत मास्तर. घरचं माणूस म्हणून त्याला आत बसू दिलं होतं.

"लई बडबड केली राव तुमी," तो हसत म्हणाला.

"काय बोललो?"

"काही न्हाई. मोसंबी मोसंबी करून राह्यल्ते."

त्या दिवसांत मी एका बागेच्या मागे होतो. तीन बैठका झाल्या होत्या, बागवाला टेकीला आला होता. माझा शेवटचा आकडा मी बायकोलासुद्धा सांगितला नव्हता. हात गळ्यात बांधून मी चौथ्या बैठकीला गेलो, तर त्या माणसाने बसल्या बसल्या तोच आकडा सांगितला. ना वर, ना खाली. आणि चहाचा कप पुढे करून हसला. तो साडूच्या भावकीतला होता, हे मला त्या कपाकडे बघताना आठवलं. मी चहा न पिता उठलो. बाग दुसऱ्याने घेतली.

साडूला विचारलं तर म्हणाला, "तुमीच तर वरडून सांगितलं. मी काय कान कापून ठेवायचे होते का?"

मी त्याच्या अंगावर धावून गेलो होतो, मोडक्या हातानिशी. लोकांनी धरलं. त्यानंतर ही गोष्ट आमच्या सगळ्या नात्यात पसरली. लग्नात पंगत उठली की कुणीतरी साडूला म्हणणार, "मास्तर, ती भुलीची गोष्ट सांगा ना," आणि तो माझा आवाज काढून सांगणार. माणसं पोट धरून हसतात. सौदेबाज गडी, स्वतःच स्वतःचा भाव फोडून बसला. मी बोललो हे सगळ्यांना दिसतं. त्याने ते बाहेर नेलं, हे कुणाला दिसत नाही. एवढ्या वर्षांत एका माणसाने म्हटलं नाही की मास्तर, तुम्ही हे करायला नको होतं.

तेव्हापासून माझी झोप गेली. आडवा झालो की मनात साडूशी भांडण सुरू. एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लहान गुलाबी गोळ्या लिहून दिल्या. त्यांनी झोप लागली. पंधरा दिवसांची वर्षं झाली, एकीच्या दोन झाल्या. त्याच सुमारास बायकोने मला रोज जायफळ उगाळून दूध द्यायला सुरुवात केली होती. मी घोरायला लागलो तसा तिचा चेहरा खुलला. गल्लीत सांगायला लागली की तिच्या जायफळाने माणूस लेकरासारखा झोपतो. बायका तिला विचारायला यायच्या, किती वेढे उगाळायचं, दूध गरम की कोमट. मी काही बोललो नाही. बोलायला काही जागाच राहिली नव्हती.

या वर्षी पित्ताशयात खडे निघाले. जालन्याला दाखवलं, तर सर्जन म्हणाले की दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकू, पूर्ण भूल द्यावी लागेल. बायकोने विचारलं, धोका किती. मुलीने फोनवरून विचारलं, टाके किती. मला एकच विचारायचं होतं आणि ते सर्जनना विचारून उपयोग नव्हता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरती झालो तेव्हा भुलीच्या डॉक्टर तपासायला आल्या. माझ्या पुतणीच्या वयाच्या असतील. एका कागदावर प्रश्न होते, ते त्या एकेक करून विचारू लागल्या आणि मी माझ्या पद्धतीने उत्तरं देऊ लागलो.

"तंबाखू?"

"कधीमधी."

"दारू?"

"लग्नाकार्यात. घोटभर."

"झोपेची गोळी, नसांची गोळी, असं काही रोजचं?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "न्हाई वो मॅडम. ह्यांना गोळी कशाला लागती? मी रोज जायफळ घालून दूध देते. पडले की झोपले."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "न्हाई."

मग मी माझा प्रश्न काढला. "मॅडम, इंजेक्शन एकच देणार ना?"

"एकाने नाही होत काका. झोपवायलाच तीन लागतात. नंतर अंग सैल पडायला आणखी एक असतं, ते वेगळं."

"तीन?" माझा आवाज चढला. "एका माणसाला झोपवायला तीन औषधं? कुठल्या हिशेबानं? माझा हात मोडला तेव्हा एकात भागलं व्हतं."

बायकोने माझी बाही ओढली. मॅडम मात्र चिडल्या नाहीत. कॉटवर टेकल्या आणि म्हणाल्या, "एकानेही भागतं. पण एकट्याकडून सगळं काम करून घ्यायचं तर ते पुष्कळ द्यावं लागतं. मग बीपी खाली येतं, श्वास मंदावतो. म्हणून काम वाटून द्यायचं. पहिलं मन शांत करतं. त्याच्यानंतरचं फारसं आठवत नाही. दुसरं दुखणं मारतं. तिसरं दुधासारखं पांढरं असतं, ते झोपवतं. आणि तिघं एकत्र आले की एकमेकांना जोर देतात. त्यामुळे प्रत्येक थोडंथोडंच पुरतं."

ही गोष्ट माझ्या डोक्यात लगेच उतरली. चांगलं समजावून सांगणारा माणूस मला आवडतो. "म्हणजे एक जण आधीच हजर असला," मी म्हणालो, "की दुसऱ्याचं कमी लागतं?"

"बरोबर."

"मंग ते पहिलं काढून टाका."

"का हो?"

"आठवण राहत न्हाई म्हणता ना? म्हणजे मी काय बोललो ते मला कळणार न्हाई आणि बाकी सगळ्या दुनियेला कळणार. असा सौदा मी करत नसतो."

त्या हसल्या. म्हणाल्या, "उद्या बघू." उपाशी कधीपासून राहायचं, पाण्याचा शेवटचा घोट किती वाजता, हे दोनदा सांगून गेल्या. मी त्यांच्याकडून तिन्ही औषधांची नावं चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून घेतली होती. समोरच्याच्या गाडीत कोणता माल आहे ते माहीत असलेलं बरं.

सकाळी बायको खाली चहाला गेली आणि मी ती चिठ्ठी काढून बसलो. एक हजर असला की दुसऱ्याचं कमी लागतं. मॅडमनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं. मग मी माझंच एखादं आधी घेऊन आत गेलो तर? माझ्या गुलाबी गोळ्या. वर्षानुवर्षं त्यांच्यावर झोपलो आणि एकदाही बडबडलो नाही. ओळखीचा माल. माझ्या गोळ्या आत असल्या की त्यांची औषधं थोडी लागतील, पहिलं तर लागणारच नाही, आणि माझं तोंड माझ्या ताब्यात राहील. मी बंडीच्या चोरखिशातून पट्टी काढली, दोन गोळ्या घेतल्या आणि जेमतेम घशाखाली उतरतील एवढ्याच पाण्याने गिळल्या. सांगायला हरकत नाही, त्या वेळी मला वाटलं की आयुष्यात याच्याइतका साफ सौदा मी केलेला नाही.

तासाभराने मला आत नेलं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर एक कॉट होती, तिच्यावर झोपवलं. तिथले टेक्निशियन मेंदी लावलेल्या दाढीचे, माझ्याच वयाचे गृहस्थ होते. "चचा, बराबर लेटो. घबराने का नै," म्हणत त्यांनी माझ्या बोटाला चिमटा लावला. यंत्र टुकटुक करू लागलं. मला छान वाटत होतं. छत जरा जवळ आल्यासारखं झालं होतं.

मॅडम आल्या. हिरवी टोपी, तोंडावर मास्क, फक्त डोळे दिसत होते. त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं, पण नाव तोंडातून निघायला वेळ लागला. त्या वाकल्या.

"काका, सकाळी काय घेतलं?"

"काही न्हाई. उपाशी हाये."

"डोळे उघडा. काही गोळी घेतली?"

"एकदा सांगितलं ना न्हाई म्हणून!" मी ओरडलो. म्हणजे ओरडायला गेलो. जीभ ओल्या पोत्यासारखी जड झाली होती. "खोटं बोलून राह्यलो का मी? मोठमोठ्या व्यापाऱ्यांची हिंमत न्हाई मला असं विचारायची!"

त्यांनी टेक्निशियनना खुणेने दूर पाठवलं. एक स्टूल ओढलं आणि माझ्या डोक्यापाशी बसल्या. सर्जन आतून डोकावले, त्यांना हातानेच थांबा म्हणाल्या.

"काका, इथे येणारा प्रत्येक माणूस पहिला आकडा सांगतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला सवय आहे. दारू मी दुप्पट धरते, तंबाखू तिप्पट. पण गोळीचा अंदाज मला बांधता येत नाही. काल सांगितलं ना, औषधं एकमेकांना जोर देतात? आत कुणी चौथं आधीच जाऊन बसलेलं असेल तर तेही जोर देतं. किती, ते कुणीच सांगू शकत नाही. रोजची सवय असेल तर एखादं औषध पुरणार नाही. आज जास्तीची घेतली असेल तर थोड्या औषधातही श्वास थांबेल. तुमचा श्वास मी सांभाळायचा आणि तुम्ही मलाच कमी सांगणार?"

छत आता फारच जवळ आलं होतं. मला पहिल्यांदा भीती वाटली. मी बोललो तर गोळ्यांची गोष्ट माझ्या हातून जाणार होती. नाही बोललो तर मीच जाण्याची शक्यता होती. अशा वेळीसुद्धा मी फुकट काही देणारा नव्हतो.

"आधी तुमी सांगा," मी म्हणालो. "भुलीत माणूस जे बोलतो, ते बाहेर जातं का?"

आणि मी त्यांना साडूची गोष्ट सांगितली. दवाखाना, निळी मोसंबी, चौथी बैठक, चहाचा कप, लग्नातली हसणारी माणसं. अडखळत सांगितली, पण सगळी सांगितली. त्या हसल्या नाहीत. मी थांबलो तेव्हा डोळे बारीक करून त्यांनी विचारलं,

"पण त्या खोलीत साडू काय करत होते?"

एवढ्या वर्षांत, एवढ्या लग्नांत, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"त्यांना आत बसू देणं ही दवाखान्याची चूक," त्या म्हणाल्या. "ऐकलेलं बाहेर नेणं ही त्यांची. तुम्ही औषधाच्या अमलाखाली होता. तुमची काय चूक? आणि इथलं काही बाहेर जात नाही."

माझे डोळे भरून आले. गोळ्यांमुळे असेल. मी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणालो, "अर्धी. कधी कधी."

त्या काहीच बोलल्या नाहीत.

"एक. रोज."

तरी गप्प. हा तर माझाच डाव होता. समोरच्याने आकडा काढला की आपण गप्प बसायचं. मग तोच पुढचा आकडा काढतो. मी शंभर बागवाल्यांवर चालवलेला डाव माझ्यावर चालत होता, मला तो समजत होता, आणि तरीही माझं तोंड थांबेना.

"दोन. रोजच्या दोन. चार-पाच वर्षं झाली. आणि आज सकाळी दोन, वरच्या."

"नाव?"

मी चोरखिसा दाखवला. आत येताना बंडी काढली होती, ती उशाशी घडी करून ठेवलेली होती. त्यांनी पट्टी काढून वाचली, मनगट धरलं, यंत्राकडे बघितलं.

"आज नाही करायचं," त्या म्हणाल्या.

माझा पारा पुन्हा चढला. "खरं सांगितलं त्याची ही शिक्षा का?"

"शिक्षा कसली? खडे कुठे पळून जात नाहीत. आज तुम्ही झोपा, आम्ही लक्ष ठेवतो. उद्या करू. आणि आता गोळी एकदम बंद करायची नाही, झटके येऊ शकतात. मी सांगेन तेवढीच घ्यायची." उठता उठता त्या थांबल्या. "घरच्यांना काय सांगायचं?"

"तुमी तर म्हणता बाहेर काही जात न्हाई."

"माझ्याकडून नाही जाणार. म्हणून तर तुम्हाला विचारलं."

दुपार टळेपर्यंत मी झोपलो. जाग आली तेव्हा बायको माझ्या पोटावरचं पांघरूण सारून वाकून बघत होती.

"टाके कुठं हायेत?" ती म्हणाली.

"न्हाईत."

"दुर्बिणीतून केलं म्हणून का?"

"केलंच न्हाई अजून. उद्या हाये."

"मंग मशीन बिघडली का? मला कुणी काही सांगंना. त्या मॅडम म्हणल्या, काका उठले की सांगतील."

मी पाणी मागितलं. घोट घोट करून पुष्कळ वेळ प्यालो. तिच्या हातात स्टीलचा तांब्या होता, घरून आणलेला. मग मी तिला सांगितलं. गोळ्या किती, कधीपासून, आणि सकाळी काय केलं ते. ती तांब्या धरून उभीच राहिली. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मरणाची भाषा काढेल. तिने विचारलं ते वेगळंच.

"म्हणजे जायफळ न्हाई?"

"जायफळही असंल थोडं."

"थोडं!" तिने तांब्या टेबलावर आपटला. शेजारच्या कॉटवरचा माणूस उठून बसला. "आवो, आख्ख्या गल्लीला सांगितलं मी! सहा जणी विचारून गेल्या. माझ्या भावजयीनं तिच्या आईला चालू केलं. अन् तुमी रोज माझ्यासमोर दूध पिऊन मिशा पुसून राह्यले!"

"त्यांना झोप लागली का?"

"कुणाला?"

"त्या सहा जणींना."

ती थांबली. "दोघींना लागली."

"मंग जायफळ खरं हाये की."

"गप बसा. एक शब्द बोलू नका."

तिने खिडकीकडे तोंड केलं. खाली कुणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती, त्या रिक्षावाल्याकडे ती बघत होती. मग तोंड तिकडेच ठेवून म्हणाली, "का न्हाई सांगितलं?"

"तुला इतकं बरं वाटून राह्यलं व्हतं. आणि सांगितलं असतं तर तू विचारलं असतं, झोप का येत न्हाई."

"मंग? विचारलं असतं."

"मंग साडूचं निघालं असतं."

ती वळली. "इतकं लागलं व्हतं मनाला?"

मी काही बोललो नाही. या खेपेला तो डाव नव्हता.

"मी बी हसले व्हते," ती म्हणाली. "अक्काच्या पोरीच्या लग्नात. तुमी तिथंच बसल्ते. मला वाटलं तुमी बी मनातून हसून राह्यले." मग तिने माझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं, खाली दाबलं, पुन्हा काढलं आणि पुन्हा दाबलं. "मी हसायला नको व्हतं."

मी म्हणालो, "जाऊ दे." आणि खरंच जाऊ दिलं, तिच्यापुरतं.

त्या दिवशी गोळी तिने दिली, मॅडमनी सांगितली तेवढी. पट्टी स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीत चालत गेलो. टेक्निशियन म्हणाले, "आओ चचा, आज तो होशियार दिख रै." टेबल अरुंद होतं, आमच्या क्रेट चढवायच्या फळीएवढं. मॅडमनी मला तीन सुया दाखवल्या, तिन्हींवर नावाची चिठ्ठी चिकटवलेली. मी चिठ्ठीमागे लिहून घेतलेलीच नावं. 

"पहिलं कमी देते आहे," त्या म्हणाल्या. "काढत नाही, कमी करते. बाकीच्यांचा हिशेब तुमच्या रोजच्या दोन धरून केला आहे. चालेल?"

"खोलीत कोण कोण हाये?"

त्यांनी एकेकाकडे बोट दाखवून सांगितलं: सर्जन, त्यांच्या मदतनीस, नर्स, टेक्निशियन, त्या स्वतः. "बाहेरचं कुणी नाही. दार बंद आहे."

"मंग चालेल."

हातात गार काहीतरी शिरलं. मग पांढरं आलं, ते शिरेतून जाताना चरचरलं. मला त्यांना सांगायचं होतं की चरचरतंय, आणि ते सांगायचं मी ठरवतच होतो.

पुढचं मला आठवतं ते घसा. खरखरीत, कोरडा. आणि टेक्निशियनची दाढी. "हो गया चचा. लंबी सांस लो." मी श्वास घेतला. तो आला. पुन्हा घेतला, पुन्हा आला. एवढ्या साध्या गोष्टीचं मला त्या वेळी फार अप्रूप वाटलं.

संध्याकाळी मॅडम बघायला आल्या तेव्हा मी आधी तेच विचारलं. "काय बोललो मी?"

"झोपेत घशात नळी होती, तेव्हा बोलता येत नाही. उठताना बोललात थोडं."

"काय?"

"ते आतच राहिलं काका."

"मला सांगायला काय हरकत हाये? माझंच तर हाये."

"मी कुणालाच सांगत नाही. तुम्हालाही नाही."

मी पुष्कळ मागे लागलो. गोड बोललो, चिडलो, नाही सांगितलं तर जेवणार नाही म्हणालो. तसंही मला त्या दिवशी जेवण बंद होतं, हे त्यांनी लक्षात आणून दिलं. त्या हलल्या नाहीत. माझी गोष्ट माझ्यापासूनही जपणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. त्यांच्या मागे दार लागलं तेव्हा पोट दुखत असूनही मला फार बरं वाटत होतं.

साडू भेटायला आला, ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा घेऊन. स्टुलावर बसला, इकडेतिकडे बघितलं आणि डोळे मिचकावून म्हणाला, "मंग? ह्या खेपेला कोन्ती बाग बोलले?"

मी तोंड उघडलं होतं. पण बायको आधी बोलली. "दाजी, हे काय बोलले ते हितल्या परक्या माणसांनी बाहेर नेलं न्हाई. तुमी तर घरचे व्हते."

साडूचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं. त्याने बिस्किटांचा पुडा या मांडीवरून त्या मांडीवर ठेवला. भोकरदनच्या बसची वेळ झाली म्हणून उठला. माफी त्याने मागितली नाही, अजूनही मागितलेली नाही, आणि मी ती सोडलेलीही नाही. पण त्यानंतर आमच्यात दोन लग्नं झाली आणि दोन्ही पंगतींना त्याने ती गोष्ट सांगितली नाही. कुणीतरी सांगा म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, भात आणा.

घरी सोडायच्या दिवशी मॅडमनी मला एक कागद दिला. भुलीची नोंद. कोणतं औषध किती दिलं, काय मानवलं, आणि वर ठळक अक्षरात, रोजच्या गोळ्या दोन, अमुक नावाच्या, इतकी वर्षं. "पुढे कुठेही, कसलंही ऑपरेशन असो, आधी हा कागद द्यायचा," त्या म्हणाल्या. "तोंडी सांगत बसायचं नाही."

मी वाचलं. "इथं दोनच्या जागी एक लिहा ना. कुणी बघितलं तर?"

"नाही."

"बरं, दीड."

"दीड होतील तेव्हा दीड लिहीन."

बायकोने तो कागद माझ्या हातातून घेतला, मोबाइलने त्याचा फोटो काढला आणि मुलीला पाठवला. माझ्या मनात आलं, आता हा आकडा किती फोनांत जाईल. मुलीचा लगेच फोन आला, तिने अर्धा तास मला झापलं, आणि ते ऐकताना मी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून निवांत ताक पीत होतो.

गोळ्या सोडायला घाई करायची नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आणि दुसऱ्या एका डॉक्टरांनी मिळून हळूहळू कमी करायचं वेळापत्रक करून दिलं आहे. पट्टी बायकोच्या पर्समध्ये असते. गोळी ती ब्लेडने कापते, पाटावर ठेवून, चष्मा लावून. पहिले काही आठवडे झोप कच्ची होती आणि मी फार चिडचिडा झालो होतो. बायको म्हणते, तो फरक तिला कळलाच नाही.

मागच्या महिन्यात मी दाखवायला गेलो. मॅडमनी कागद मागितला, दोन खोडून त्याच्यापुढे दीड लिहिलं आणि खाली सही केली. पुढच्या खेपेला सव्वा करू, म्हणाल्या. मी म्हटलं, एकदम एकच करू, मी काढतो दिवस, माझ्यात दम हाये. त्या नाही म्हणाल्या. मी खुर्ची ओढून बसलो आणि पुष्कळ बोललो. बाहेर पेशंट थांबले होते. त्या सव्वाच्या खाली आल्या नाहीत.